आकडा पोहोचला, अट मागे राहिली

वर्षाला ५,००० ते १३,०००. ब्रिटनच्या गृहखात्याने २००३ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासातला हा अंदाज. पोलंड, हंगेरी, झेक प्रजासत्ताक, तिन्ही बाल्टिक देश यांच्यासह एकूण दहा देश १ मे २००४ रोजी युरोपीय संघात दाखल व्हायचे होते. त्यानंतर तिथून ब्रिटनमध्ये निव्वळ किती माणसे येऊन राहतील, हा सरकारचा प्रश्न होता. युनिव्हर्सिटी कॉलेज लंडनचे अर्थशास्त्रज्ञ क्रिस्टियन डस्टमन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी त्याचे उत्तर दिले. प्रत्यक्षात पहिल्या दोन वर्षांतच कामासाठी नोंदणी केलेल्यांची संख्या ४ लाखांच्या पुढे गेली. इंग्लंड आणि वेल्समध्ये राहणारे, पण पोलंडमध्ये जन्मलेले लोक २००१ च्या जनगणनेत ५८ हजार होते. २०११ मध्ये ते ५ लाख ७९ हजार झाले.

तेव्हापासून स्थलांतराचे संशोधन कुचकामी आहे असे सिद्ध करायचे असले, की १३,००० हा आकडा पुढे केला जातो. त्याचा उल्लेख आला की लोकसंख्याशास्त्राचे अभ्यासक खजील होतात आणि राजकारणी निर्धास्त होतात. तज्ज्ञच चुकले म्हटल्यावर आपल्याला कोण विचारणार? माझे म्हणणे असे, की त्या प्रकरणात तज्ज्ञांपेक्षा मोठी चूक तज्ज्ञ आणि मंत्रालय यांच्या मधल्या वाटेवर झाली, आणि ती वाट युरोपने अजून दुरुस्त केलेली नाही.

अहवाल आधी नीट वाचायला हवा. पूर्व युरोपातल्या ज्या देशांतून अनेक दशके कुणाला मोकळेपणाने बाहेर पडताच येत नव्हते, त्यांच्या स्थलांतराचा इतिहास आणायचा कुठून? संशोधकांनी इतर देशांतून ब्रिटनमध्ये आलेल्यांचे जुने आकडे घेतले, उत्पन्नातली तफावत आणि स्थलांतर यांचा संबंध त्यांवरून बांधला आणि तो नव्या देशांना लावला. आकडे अपुरे आहेत हे त्यांनी लपवले नाही. शिवाय सगळ्या हिशेबाखाली एक गृहीतक होते: युरोपीय संघातले बाकीचे मोठे देश, विशेषतः जर्मनी, आपला कामगार बाजार त्याच वेळी खुला करतील. जर्मनीसाठी याच अहवालाने वर्षाला २० हजार ते २ लाख १० हजार असा अंदाज दिला होता. पोलंडला खेटून असलेला, मोठी अर्थव्यवस्था असलेला देश तो. बहुतेक जण तिकडेच जातील आणि ब्रिटनच्या वाट्याला थोडे येतील, असा तो तर्क होता.

जर्मनीने दार उघडले नाही. सदस्यत्वाच्या करारात जुन्या सदस्यांना सात वर्षांपर्यंत निर्बंध ठेवण्याची मुभा होती. जर्मनी आणि ऑस्ट्रियाने ती शेवटच्या दिवसापर्यंत, म्हणजे एप्रिल २०११ अखेरपर्यंत वापरली. आधी मोकळेपणाची भाषा करणाऱ्या आणखी काही देशांनीही ऐन वेळी पाय मागे घेतले. १ मे २००४ रोजी जुन्या पंधरा देशांपैकी ब्रिटन, आयर्लंड आणि स्वीडन एवढे तीनच देश खुले राहिले. ज्या ‘जर’वर तो आकडा उभा होता, तो ‘जर’ कोसळला होता. आकडा मात्र लंडनमध्ये तसाच फिरत राहिला.

मला सर्वांत जास्त बोचते ते हे. बाकीचे देश दारे बंद ठेवणार हे २००४ च्या फेब्रुवारीत दिसत होते. ब्रिटिश सरकारने त्याच महिन्यात नव्या कामगारांनी नोंदणी करावी असा नियम आणला, सरकारी मदतीवर काही बंधने घातली. म्हणजे परिस्थिती बदलल्याची जाणीव सरकारला होती. मग तोच अहवाल पुन्हा काढून, जर्मनीचा रकाना बंद धरून, गणित नव्याने का मांडले गेले नाही? तसे केले असते तर दार बंद करावे लागले असते असे अजिबात नाही. ते उघडे ठेवूनही शाळा, दवाखाने, घरे आणि स्थानिक संस्थांचा निधी यांची तयारी करता आली असती. ‘फार कुणी येणार नाही’ असे लोकांना सांगून त्यांचा विश्वास घालवण्याची वेळ आली नसती.

न्यायाने दोन गोष्टी नोंदवतो. पहिली, १३,००० हा आकडा निव्वळ स्थलांतराचा होता. आलेल्यांतून परत गेलेले वजा केलेला. कामगार नोंदणीत मात्र माणूस येताना लिहिला जाई, जाताना त्याची नोंद होत नसे. उन्हाळाभर लिंकनशरच्या शेतांत कोबी-फ्लॉवर काढून गावी परतलेला पोलिश तरुणही त्या ४ लाखांत आहे. दोन वेगळ्या मापांनी मोजलेले आकडे वर्तमानपत्रांनी शेजारी शेजारी छापले. एकाच मापाने मोजले तरी अंदाज पार चुकलेला होता, हे खरेच. दुसरी गोष्ट स्वीडनची. दार त्यानेही तितकेच उघडे ठेवले होते, तरी तिथे फार थोडे लोक गेले. माणूस घर सोडतो तेव्हा नुसते उघडे दार बघत नाही. भाषा कोणती येते, ओळखीचे कोण आहे, काम उतरल्या उतरल्या मिळेल का, विमानाचे तिकीट किती, हे सगळे तो बघतो. २००४ मध्ये यातल्या प्रत्येक प्रश्नाचे उत्तर ब्रिटनच्या बाजूने होते.

किंमत कुणी मोजली? पश्चिम लंडनलगतच्या स्लाऊ शहराची नगरपालिका वर्षानुवर्षे तक्रार करत होती, की सरकारी अंदाज आमची लोकसंख्या घटत असल्याचे सांगतात आणि आमच्या शाळांत तर नवी मुले येतच आहेत. निधी लोकसंख्येवर मिळे, आणि ती लोकसंख्या कागदावर नव्हती. लिंकनशरमधले बोस्टन हे भाजीपाल्याच्या शेतीचे आणि पॅकिंगचे छोटे शहर. तिथली वस्ती दहा वर्षांत बदलून गेली. २०१६ च्या सार्वमतात युरोपीय संघ सोडण्याच्या बाजूने देशात सर्वाधिक मते याच बोस्टनमध्ये पडली, ७५.६ टक्के. एका चुकलेल्या अंदाजाने ब्रेक्झिट घडले असे मी म्हणणार नाही. पण सरकार आपल्याला आकडे खरे सांगत नाही ही भावना तिथे मुरली होती, आणि तिचा राग निघाला तो ज्यांनी काहीच चुकीचे केले नव्हते अशा पोलिश आणि लिथुआनियन कामगारांवर. २००४ मध्ये परराष्ट्रमंत्री असलेले जॅक स्ट्रॉ यांनी २०१३ मध्ये आपल्या सरकारची ती मोठी चूक असल्याचे जाहीरपणे मान्य केले. तोवर नऊ वर्षे गेली होती.

अंदाजाचे सोडा, आलेल्यांची साधी मोजणीही धड नव्हती. ब्रिटनमध्ये तेव्हा स्थलांतराचे मुख्य माप म्हणजे विमानतळांवर आणि बंदरांवर निवडक प्रवाशांना थांबवून प्रश्न विचारणारी एक पाहणी होती. ती १९६१ मध्ये सुरू झाली ती पर्यटक किती येतात आणि किती खर्च करतात हे समजावे म्हणून. स्थलांतर शोधणाऱ्या प्रश्नावल्या हीथ्रोसारख्या मोठ्या विमानतळांवर एकवटलेल्या होत्या, तर पोलंडहून येणारी स्वस्त विमाने छोट्या प्रादेशिक विमानतळांवर उतरत होती. २०११ ची जनगणना झाली तेव्हा इंग्लंड आणि वेल्समध्ये अंदाजापेक्षा ४ लाख ६४ हजार माणसे जास्त निघाली. पुढे ब्रेक्झिटनंतर युरोपीय नागरिकांना राहण्याचा हक्क कायम करण्यासाठी अर्ज मागवले गेले. गृहखात्याच्या अपेक्षेप्रमाणे ३५ ते ४१ लाख लोक पात्र होते. जून २०२१ अखेर ६० लाखांहून अधिक अर्ज आले. दुबार अर्ज आणि देश सोडून गेलेल्यांचे अर्ज वजा केले तरी फरक लाखांतच राहतो. इतकी वर्षे ज्यांच्यावरून एवढे वादळ उठले, ते किती आहेत हेच कुणाला ठाऊक नव्हते.

ही केवळ ब्रिटनची गोष्ट नाही. २०१५ च्या शरद ऋतूत फ्रॉन्टेक्स या युरोपीय सीमा संस्थेने पहिल्या नऊ महिन्यांत ७ लाख १० हजार लोक आल्याचे जाहीर केले. ग्रीसमध्ये शिरलेला माणूस बाल्कन देशांतून चालत हंगेरीत पोहोचला की तो दुसऱ्यांदा मोजला जातो, हे बर्मिंगहॅम विद्यापीठाचे नांदो सिगोना यांनी दाखवून दिले. मग संस्थेने खुलासा जोडला. जर्मनीनेही २०१५ मध्ये ११ लाख आश्रयार्थी आल्याचे सांगितले होते; पुढच्या वर्षी दुबार नोंदी काढल्यावर ते ८ लाख ९० हजार भरले. दोन्हीकडे खुलासा येईपर्यंत मोठा आकडा प्रचाराच्या फलकांवर चढला होता.

२००४ च्या फजितीतून ब्रिटनने घेतलेला धडा आणखी वाईट होता. रुमेनिया आणि बल्गेरियाच्या नागरिकांवरचे निर्बंध १ जानेवारी २०१४ रोजी उठायचे होते. या वेळी सरकारने अंदाज द्यायलाच नकार दिला. परराष्ट्र खात्यासाठी झालेल्या अभ्यासातही आकडा सांगता येणार नाही असाच निष्कर्ष होता. संशोधकांचे ते म्हणणे प्रामाणिक होते. पण सरकारने निरनिराळ्या शक्यता मांडून लोकांशी बोलायचे टाळले, आणि रिकामी जागा वर्तमानपत्रांतल्या लोंढ्याच्या बातम्यांनी भरून काढली. १ जानेवारीच्या सकाळी दोन खासदार ल्युटन विमानतळावर रुमेनियाहून येणाऱ्या विमानाला सामोरे गेले. कॅमेरे जमले होते. नव्याने कामाला आलेला एकच तरुण त्यांना भेटला. त्या दिवशी लोंढ्याची भीती खोटी ठरली म्हणून अनेकांनी सुटकेचा श्वास सोडला. २०२१ च्या जनगणनेत मात्र इंग्लंड आणि वेल्समध्ये रुमेनियात जन्मलेले लोक ८० हजारांवरून ५ लाख ३९ हजारांवर गेलेले दिसले. ते एका सकाळी आले नाहीत; दहा वर्षांत, कामामागे काम आणि ओळखीमागे ओळख लागत आले. स्थलांतर असेच होते, आणि लोकसंख्याशास्त्राला ते पुरते माहीत आहे. ते सांगायची जबाबदारी घ्यायला कुणी पुढे आले नाही, एवढेच.

आता ब्रुसेल्सकडे पाहू. युरोपात जाणकारांची वाण नाही. रॉस्टॉकला माक्स प्लांक संस्थेचे लोकसंख्या संशोधन केंद्र आहे, हेगला डच संस्था आहे, व्हिएन्नाला वोल्फगांग लुट्झ यांनी उभे केलेले केंद्र आहे. युरोपीय आयोगाने स्वतः जून २०१६ मध्ये इटलीतल्या इस्प्रा इथे स्थलांतर आणि लोकसंख्या यांचे ज्ञानकेंद्र सुरू केले, ते संशोधन आणि धोरण यांची गाठ घालण्यासाठीच. साउदम्प्टन विद्यापीठाचे याकुब बियाक यांच्या नेतृत्वाखाली आयोगाच्याच पैशाने स्थलांतराच्या अंदाजांवर मोठा प्रकल्प झाला. भविष्यातल्या स्थलांतरातली अनिश्चितता पूर्ण काढता येत नाही, म्हणून एकच आकडा मागू नका, परिस्थितीप्रमाणे बदलणाऱ्या शक्यता मागा, हे तिथे पुन्हा पुन्हा सांगितले गेले. म्हणजे ज्ञान आहे, त्यासाठी इमारती आहेत, पैसाही आहे.

तरी निर्णयाच्या घडीला काय होते? नोव्हेंबर २०१५ मध्ये माल्टातल्या व्हॅलेटाला युरोपीय आणि आफ्रिकी नेते भेटले आणि आफ्रिकेसाठी आणीबाणी निधी स्थापन झाला. तो वाढत जाऊन सुमारे ५०० कोटी युरोंचा झाला. अनियमित स्थलांतराची मूळ कारणे दूर करणे हा उद्देश निधीच्या नावातच आहे. गरिबी हटली, रोजगार आला की माणसे निघणार नाहीत, असा त्यामागचा विचार. ऐकायला तो सरळ वाटतो, पण संशोधन बरोबर उलटे सांगत आले आहे. भूगोलतज्ज्ञ विल्बर झेलिन्स्की यांनी १९७१ मध्येच मांडले होते, की समाज आधुनिक होऊ लागला की हालचाल आधी वाढते. अर्थशास्त्रज्ञ मायकल क्लेमेन्स यांनी अनेक देशांचे आकडे तपासून दाखवले, की गरीब देश मध्यम उत्पन्नापर्यंत चढत असताना बाहेर जाणाऱ्यांचे प्रमाण वाढत जाते आणि त्यानंतरच उतरते. समाजशास्त्रज्ञ हाइन दे हास वर्षानुवर्षे हेच सांगत आहेत. सर्वांत गरीब माणसाकडे प्रवासाचे पैसे नसतात, शिक्षण नसते, परदेशात कुणी ओळखीचे नसते. हातात थोडे पैसे आणि डोळ्यांत थोडे स्वप्न आले की तो निघतो. आफ्रिकेत शाळा आणि रोजगार यावर युरोपने खर्च करावाच, तो चांगलाच आहे. पण स्थलांतर थांबेल या आशेवर तो करणे म्हणजे काही वर्षांनी ‘पैसे दिले तरी येतातच’ म्हणून मदत आटवण्याची तयारी आजच करून ठेवणे आहे. निधीचा रोख पुरेसा नेमका नाही, असा शेरा युरोपीय लेखापरीक्षकांनीही २०१८ मध्ये मारला.

अधिकाऱ्यांना हे संशोधन ठाऊक नव्हते असे नाही. ब्रिटिश अभ्यासक क्रिस्टिना बॉसवेल यांनी २००९ च्या आपल्या पुस्तकात हा व्यवहार उलगडला आहे. सरकारी संस्था संशोधन मागवतात ते दर वेळी निर्णय घेण्यासाठी नसते. कधी आपल्या खात्याचे वजन वाढवण्यासाठी असते, कधी आधीच ठरलेल्या भूमिकेला आधार म्हणून असते. त्यामुळे संशोधक आणि मंत्री यांच्या आणखी बैठका भरवा, एवढ्याने काही होणार नाही. सप्टेंबर २०२० मध्ये आयोगाने स्थलांतर आणि आश्रय यांवरचा नवा करार मांडला, युरोपातल्या कोट्यवधींच्या आयुष्याशी संबंध असलेला. आयोगाचेच नियम सांगतात, की मोठ्या कायद्याआधी त्याच्या परिणामांचे मूल्यमापन व्हावे. ते झाले नाही. शेवटी युरोपीय संसदेच्या संशोधन विभागाने २०२१ मध्ये त्याची उणीव भरून काढणारा अभ्यास स्वतः केला. मे २०२४ मध्ये करार अंतिमतः मंजूर झाला आणि १२ जून २०२६ ही अंमलाची तारीख ठरली. करार मांडला गेला तेव्हा इस्प्राचे ज्ञानकेंद्र चार वर्षे सुरू होते. त्याच्याकडे मूल्यमापनाचे काम पूर्ण स्वरूपात सोपवावे असे कुणाला वाटले नाही, हे मला अक्षम्य वाटते.

अट गळून पडलेल्या आकड्याचे सर्वांत विषारी उदाहरण २००० सालचे आहे. संयुक्त राष्ट्रांच्या लोकसंख्या विभागाने हिशेब केला, की युरोपीय संघात एका वृद्धामागे काम करणारी जेवढी माणसे आहेत तेवढीच ठेवायची असतील आणि ती केवळ स्थलांतरातून आणायची असतील, तर २०५० पर्यंत सुमारे ६७ कोटी माणसे आणावी लागतील. हे अशक्य आहे, हाच त्याचा अर्थ होता. म्हातारपणाचे उत्तर एकट्या स्थलांतरात नाही, असे तो आकडा सांगत होता. अनेक ठिकाणी तो शिफारस म्हणून वाचला गेला, आणि आज मूळ युरोपीयांना हटवण्याचे कारस्थान चालले आहे असे सांगणारे गट त्याच अहवालाचे नाव पुराव्यादाखल घेतात. २०१९ मध्ये इस्प्रा आणि व्हिएन्नाजवळच्या संशोधकांनी मिळून दाखवले, की स्थलांतर दुप्पट झाले तरी युरोपचे वृद्धत्व फारसे बदलत नाही. स्त्रिया आणि वयस्क माणसे अधिक प्रमाणात कामात राहिली तर फरक त्याहून मोठा पडतो. हे निष्कर्ष प्रचारसभांत ऐकू येत नाहीत.

माझी मागणी साधी आहे. स्थलांतराचा कोणताही सरकारी अंदाज त्याच्या अटींसकट छापला जावा, आणि त्यातली कोणती अट मोडली की अंदाज रद्द समजायचा, हे त्याच पानावर लिहिलेले असावे. अट मोडली की मागवणाऱ्या खात्याने नवा हिशेब करणे बंधनकारक असावे. संशोधकांनाही मी मोकळे सोडत नाही. आपला आकडा अटीविना वापरला जात आहे असे दिसताच तो मागे घेतल्याचे त्यांनी जाहीर करावे, मग पुढचे काम मिळो वा न मिळो.

हे सारे आपल्यापासून दूर नाही. फेब्रुवारी २०२४ मध्ये महाराष्ट्र सरकारने जर्मनीच्या बाडेन-व्युर्टेम्बर्ग राज्याशी १०,००० कुशल तरुण पाठवण्याचा करार केला. त्याच वर्षी जर्मनीने भारतीय कुशल कामगारांच्या व्हिसांची वार्षिक संख्या २० हजारांवरून ९० हजारांवर नेण्याचे ठरवले. जर्मनीला दरवर्षी ४ लाख माणसे हवीत, हे वाक्य अशा वेळी हमखास ऐकू येते. न्युर्नबर्गच्या रोजगार संशोधन संस्थेतून आलेला तो आकडा आहे, आणि तोही निव्वळ. काम करणारे हात आहेत तेवढेच राखायचे असतील तर, आणि परत जाणारे वजा करून. दरवर्षी लाखो परदेशी माणसे जर्मनी सोडूनही जातात. भाषा जमत नाही, घर मिळत नाही, पदवीला मान्यता मिळता मिळता वर्षे जातात. नर्सिंगची पदवी घेऊन संध्याकाळी जर्मनच्या वर्गाला जाणाऱ्या मुलीच्या घरून त्यासाठी कर्ज काढलेले असते. आकड्यामागची ही दुसरी बाजू तिला मराठीतून, सही करण्याआधी सांगितली गेली पाहिजे. श्टुटगार्टला उतरल्यावर नव्हे.